सहीतला शेतकरी



जिल्हा बैठक सुरू होताना जोतीरावांच्या तसबिरीला हार घालायचा, ही आपली रीत आहे. हार घालून झाला की आम्ही सतरंजीवर बसतो आणि भाव, वीजबिल, पाण्याची पाळी, कर्जाच्या नोटिसा हे विषय एकेक करून पुढे येतात. तसबीर मात्र भिंतीवरच राहते. जोतीराव शाळा काढणारे, सत्यशोधक समाज स्थापन करणारे महात्मे होते, असे आम्ही भाषणात सांगतो आणि ते खरेच आहे. पण भिंतीवरचा हा माणूस आपल्यासारखाच बागायत करणारा होता, चारीवर पाण्याची वाट पाहणारा होता, हे किती जणांना ठाऊक आहे? या अंकात त्यांना भिंतीवरून उतरवून सतरंजीवर आपल्या शेजारी बसवावे, एवढाच आमचा हेतू आहे.

सुरुवात एका सहीपासून करू. १८८२ साली सरकारने नेमलेले हंटर शिक्षण कमिशन पुरावे गोळा करीत होते. जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्याला इंग्रजीत निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, पण त्या पैशातले शिक्षण मात्र वरच्या वर्गाच्या पदरात पडते, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. निवेदनाखाली आपले नाव लिहून त्यांनी स्वतःची ओळख तीन शब्दांत दिली आहे : व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, राहणार पेठ जुना गंज.

तेव्हा त्यांच्या नावावर मुलींच्या शाळा होत्या, 'गुलामगिरी'सारखा ग्रंथ होता. समाजसुधारक, ग्रंथकार असे काहीही ते लिहू शकले असते. त्यांनी धंदा लिहिला, आणि त्यात शेतकरी हा शब्द लिहिला. आज आपली पदवीधर मुले लग्नाच्या बायोडाटात 'शेती' हा शब्द शेवटच्या ओळीत ढकलतात आणि त्यापुढे 'नोकरीच्या शोधात' असे जोडतात. त्या मुलांना दोष द्यायला आम्ही धजत नाही, कारण मुलगी देणारेही आपणच आहोत. म्हणून ही सही आज पुन्हा वाचायला हवी.

इनाम गेलेले घराणे

फुल्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे. गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. घराण्याकडे गावची चौगुलकी होती. पणजोबांचा कुलकर्ण्याशी तंटा झाला, गाव सुटले आणि कुटुंब पुरंदरच्या बाजूला खानवडीला आले. पुढच्या पिढ्या पुण्यात आल्या आणि फुलांच्या धंद्यात नाव काढले. पेशव्यांच्या वाड्यात फुले, गजरे, गाद्या-गालिचे पुरवता पुरवता फुले हेच आडनाव पडले आणि पस्तीस एकर जमीन इनाम मिळाली. आजोबांच्या तीन मुलांपैकी थोरल्या राणोजींनी ती सगळी आपल्याकडे ठेवली. धाकटे गोविंदराव, म्हणजे जोतीरावांचे वडील, यांना आपल्या कष्टावर भाजीपाल्याचे दुकान आणि शेती उभी करावी लागली. भाऊबंदकीत जमीन जाण्याचे दुःख ज्या घराला माहीत नाही, असे घर आपल्या बैठकीत क्वचित सापडेल. जोतीरावांचे घरही त्याला अपवाद नव्हते.

त्या काळच्या पुण्यात जमीनवाल्या प्रतिष्ठित लोकांना तोटा नव्हता. सरदार होते, इनामदार होते, जहागीरदार होते. वाडा पेठेत आणि जमीन कुठेतरी दूर. कूळ खंड आणून घालील, कारकून तो वहीत मांडील. यांतल्या पुष्कळांनी आपल्या शेतातले ढेकूळ हातात घेऊन कधी फोडले नसेल. इंग्लंडात अठराव्या शतकात टाऊनशेंड, कोक असे बडे जमीनदार निघाले. त्यांनी पिकांची फेरपालट, सलगमाचा चारा, सुधारलेल्या मेंढ्या यांत लक्ष घातले आणि शेजाऱ्यांना ते दाखवले. पुण्याच्या इनामदारीने असे काही केल्याचा गवगवा नाही. ते काम केले ज्याच्या घरचे इनाम गेले होते, त्या माळ्याच्या मुलाने.

बाहेर मिळवले, मातीत घातले

शेतीत घालायला पैसा लागतो, आणि तो बहुतेक वेळा शेतीबाहेरून आणावा लागतो. ही गोष्ट आपण आज नव्याने शिकलेलो नाही. जोतीरावांनी बांधकामाची कंत्राटे घेतली. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. दगड, चुना, मजूर यांचा हिशेब त्यांनी जवळून पाहिला. सोन्याचे दागिने ओतण्याच्या मुशी विकण्याची एजन्सीही त्यांनी चालवली. त्यातून शाळा चालल्या, समाजाचे काम चालले आणि मांजरीची शेती उभी राहिली.

मांजरी म्हणजे हडपसरच्या पलीकडे, मुळा-मुठेच्या काठचे गाव. खडकवासल्याचे धरण १८७९च्या सुमारास पुरे झाले आणि उजवा कालवा हडपसर, लोणी करीत दौंडच्या दिशेने गेला. आज आपण म्हणू, पाणी आले आणि शेतकरी नाचला असेल. तसे झाले नाही. कोरडवाहू शेतकरी पाटाचे पाणी घ्यायला कचरत होता. पाणीपट्टी डोक्यावर बसेल, पाणी वेळेवर मिळेल याची खात्री नाही, जमिनीला सोसेल की नाही कोण जाणे, आणि बागायतीला लागणारे भांडवल कुठून आणायचे? ही भीती अडाणीपणाची नव्हती. घरात दाणा नसलेला माणूस नव्या गोष्टीत उडी घेत नाही, हे अगदी शहाणपणाचे वागणे आहे.

जोतीरावांनी मांजरीला जमीन घेतली आणि पाटाच्या पाण्यावर स्वतः बागायत करून दाखवली. भाषण देऊन झाले नसते ते शेजाऱ्याच्या शेतातले पीक पाहून झाले. आम्ही शेतीशास्त्राची पदवी घेतली तेव्हा विस्तारशिक्षण नावाचा एक विषय होता. त्यात प्रात्यक्षिकाने पटते, असा एक धडा होता आणि उदाहरणे परदेशातली होती. पुणे शहरापासून काही मैलांवर हे प्रात्यक्षिक शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले, हे चार वर्षांत आम्हाला कोणी सांगितले नाही. 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक आमच्या हाती पदवीनंतर आले, आणि तेही एका सत्तरीच्या कार्यकर्त्याने दिले म्हणून.

चारीवरून दिसलेले राज्य

'असूड' १८८३ सालचा. त्याआधी दख्खनच्या शेतकऱ्याने काय सोसले होते ते थोडक्यात आठवू. अमेरिकेत यादवी युद्ध झाले, १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले, सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले आणि कर्ज राहिले. त्याच वेळी तीस वर्षांची पहिली जमाबंदी संपून फेरआकारणी सुरू झाली. इंदापूर तालुक्यात ती १८६७ पासून आली आणि सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या कर्जरोख्यांवर तुटून पडले. पाठोपाठ १८७६-७७चा दुष्काळ आला. जोतीराव आणि सत्यशोधक समाजाने दुष्काळातल्या मुलांसाठी धनकवडीला अन्नछत्र व आश्रम चालवला. १८७९ साली सरकारने डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट केला. म्हणजे रोग वीस वर्षांचा झाल्यावर वैद्य आला.

'असूडा'त धर्माच्या नावाने जन्मापासून मरणापर्यंत शेतकऱ्याकडून उकळले जाणारे पैसे आहेत, ऐषआरामात रमलेला गोरा अधिकारी आहे, आणि त्याच्या आडून रयतेला नाडणारा भट-कारकून आहे. आपल्या सभांत एवढा भाग सांगितला जातो. शेतकरी म्हणून वाचले तर त्यातला दुसराही भाग दिसतो, आणि तो ज्याने स्वतः शेती केली त्यालाच लिहिता आला असता.

पाण्याचेच पाहा. पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर पट्टी घेतात, पण पाणी वेळेवर पोचले की नाही याची जबाबदारी घेत नाहीत, उभे पीक वाळते, ही त्यांची तक्रार आहे. ते तिथे थांबत नाहीत. कालव्याला तोट्या बसवा आणि प्रत्येकाला त्याच्या जमिनीच्या गरजेप्रमाणे मोजून पाणी द्या, असा उपाय सुचवतात. पाणी मोजून देण्याची चर्चा आपण आजही करतो आहोत. पाटकऱ्याच्या मर्जीवर ज्याची रात्र गेली आहे, त्यालाच ती तोटी सुचते.

मातीचे पाहा. डोंगरउतारावर पावसाचे पाणी शेताशेतात मुरेल अशा ताली आणि बांध घाला, रिकामे बसलेले शिपाई-पलटणी या कामाला लावा, तळी-तलाव बांधा, नदीनाल्यांतला गाळ शेतकऱ्याला पूर्वीसारखा फुकट नेऊ द्या, असे ते सांगतात. आज पाणलोट विकास, जलसंधारण असे शब्द आहेत आणि 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी सरकारी योजना आहे. कल्पना मात्र १८८३ च्या पुस्तकात छापण्याजोगी तयार होती. गावची गायराने आणि पडिक जंगलखात्याने गिळली, ती परत द्या. पाणाड्यांकडून विहिरींच्या जागा शोधून घ्या आणि त्यांना बक्षिसे द्या. परदेशातली चांगली शेळ्यामेंढ्यांची बेणी आणा. दरवर्षी पिकांची आणि औत हाकण्याची परीक्षा घेऊन बक्षिसे द्या. शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशी शेतकीच्या शाळा पाहायला पाठवा. रानडुकरांनी पीक खाल्ले तर शेतकऱ्याला बंदूक बाळगू द्या, नाहीतर नुकसान भरून द्या. जुन्नर-आंबेगावच्या भावांना हे शेवटचे वाक्य कालच्या बैठकीतले वाटेल.

या सूचनांबाबत एक प्रामाणिक गोष्ट बोलली पाहिजे. आपल्यातले पुष्कळ जण सरकारने शेतीतून हात काढावा असे म्हणतात, आणि त्याला कारणेही आहेत. जोतीराव मात्र सरकारकडे कामे मागतात, खूप मागतात. हे काहींना अडचणीचे वाटते, म्हणून आपल्या सभांत 'असूडा'चा शेवटचा भाग कमी वाचला जातो. आमचे मत असे, की ते भीक मागत नव्हते. लूट आधी मोजून दाखवली आणि मग लुटीतले जे मातीत परत यायला हवे तेवढे मागितले. तपशिलाशी आपला मतभेद असू शकेल. पण हिशेब आधी, मागणी मागून, हा क्रम आपण त्यांच्याकडून घेतलाच पाहिजे.

मंडईचे नाव आणि मंडईचा हिशेब

पुण्याच्या बाजारात गाडीभर माळवे आणणाऱ्या शेतकऱ्याचे काय होते, हेही 'असूडा'त आहे. शहराच्या नाक्यावर म्युनिसिपालिटीची जकात, आत दलाल, आणि घरी परतताना हाती जवळपास काही नाही. लक्षात घ्या, लिहिणारा माणूस १८७६ पासून काही वर्षे त्याच म्युनिसिपालिटीचा सभासद होता. स्वतः जिथे बसतो त्या संस्थेची जकातही त्याने हिशेबातून सोडली नाही. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून हजार रुपये खर्चायचे ठरले, तेव्हा त्या सभेत एकट्या जोतीरावांनी विरोध केला. पुढे शहरात टोलेजंग मंडई बांधायचे निघाले. आधी शिक्षणावर खर्च करा, असे म्हणून त्यांनी त्यालाही विरोध केला. १८८६ साली ती रे मार्केट नावाने उघडली. आज तिचे नाव महात्मा फुले मंडई आहे! ज्याने विरोध केला त्याचेच नाव देऊन पुण्याने त्याचा मान राखला की त्याला गप्प केले, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पट्टीचा अनुभव आम्हालाही आहे. आम्ही पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना घरच्या टोमॅटोचे क्रेट एका मोठ्या बाजारात पाठवले. भाडे, हमाली, तोलाई, आडत वजा जाता पट्टी उलटी आली. वडिलांनी आडत्याला वरून पैसे दिले. त्याच आठवड्यात वर्गात शिकवले, की शेतकरी मालाची प्रतवारी करीत नाही म्हणून त्याला भाव मिळत नाही. आमच्या आईने ते टोमॅटो तीन प्रतींत निवडून भरले होते. त्या दिवशी शिकवलेले आणि भोगलेले यांतले अंतर कळले, आणि प्रयोगशाळेतून आम्ही बैठकीच्या सतरंजीवर आलो. फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असा निर्णय राज्यात २०१६ साली झाला. जोतीरावांच्या हिशेबातली एक ओळ खोडायला एकशे तेहेतीस वर्षे लागली. बाकीच्या ओळी तशाच आहेत.

घोंगडी पांघरून मेजवानीला

२ मार्च १८८८ रोजी जोतीरावांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी पुण्यात मेजवानी दिली. ड्यूक म्हणजे राणीचा मुलगा. शहरातले बडे लोक हिरेमोती, जरीचे अंगरखे घालून आले. जोतीराव आले ते फाटके पागोटे, धोतर, घोंगडी अशा शेतकऱ्याच्या वेशात. दारावर त्यांना अडवले. यजमानाने येऊन आत नेले. तिथे ते उठले आणि त्यांनी सांगितले, की या दागिन्यांवरून हिंदुस्थानची पारख करू नका, खरा देश खेड्यात राहतो आणि तो अंगावर अशी वस्त्रे घालतो.

जोतीरावांना चांगला अंगरखा नव्हता असे नव्हे. कंत्राटदार होते, बागायतदार होते. पण सुखवस्तू बागायतदाराने मेजवानीच्या पानावर बसून शेतकरी सुखी आहे असे भासवले, तर कोरडवाहूवाल्याचा घात होतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपल्या जिल्ह्यातही ऊस, द्राक्षे, फुले पिकवून बरे चाललेले शेतकरी आहेत. मंत्री आले की त्यांचीच शेते दाखवली जातात. त्या वेळी आपण अंगावर कोणता वेश चढवतो, हे ज्याने त्याने मनाला विचारावे.

मेजवानीनंतर त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत त्यांना महात्मा पदवी मिळाली. त्याच वर्षी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, तर पुढचे पुस्तक त्यांनी डाव्या हाताने लिहिले. पैशांची ओढ लागली. मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना मदतीसाठी पत्र लिहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. बाहेर मिळवलेले सगळे त्यांनी शाळेत, समाजात आणि मातीत घातले होते. शिल्लक ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

आज मांजरीत

जून २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेले. पाटाखालच्या रानात इमारती उभ्या आहेत. ज्या कालव्याचे पाणी घेऊन दाखवण्यासाठी जोतीराव तिथे गेले, त्या खडकवासल्याच्या पाण्यातला शहराचा वाटा वाढत चालला आहे, आणि शेवटच्या टोकाचे दौंड-इंदापूरचे शेतकरी पाळी कधी येणार म्हणून चारीवर उभे आहेत. मुंढव्याहून शुद्ध केलेले सांडपाणी कालव्यात सोडायची व्यवस्था झाली, पण त्याच्या दर्जाबद्दल खालच्या गावांची तक्रार आहे. शहराने पाणी पिऊ नये असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की जोतीरावांनी मागितलेली तोटी शहरालाही बसवा आणि मोजून सांगा, कोणी किती घेतले.

मांजरीच्या आसपास, मुळशीत, मावळात दुसराही एक शेतकरी आला आहे. पैसा शहरात कमावतो, जमीन घेतो, कुंपण घालतो, फार्महाऊस बांधतो आणि रविवारी येतो. सातबाऱ्यावर तोही शेतकरीच. जोतीरावांनीही पैसा शहरात कमावला आणि जमीन घेतली. फरक कुठे आहे? पाण्याची भीती शेजाऱ्याची होती, म्हणून त्यांनी पाणी घेतले. शेतात जे कळले ते लिहिले, आणि पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर येथे लोकांना वाचून दाखवले. सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले. आपल्यातले शिकलेले, नोकरीतले, दुकान चालवणारे, गावाकडे जमीन असलेले जे भाऊ आहेत, त्यांनी ही कसोटी स्वतःला लावावी. आम्हीही ती स्वतःला लावतो, आणि दरवेळी उतरतोच असे नाही.

सरकारनेही त्यांचे नाव सोडलेले नाही. २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या कर्जमुक्ती योजनेला महात्मा जोतीराव फुल्यांचेच नाव होते. कर्जमाफी हवीच होती. पण ज्या माणसाने कर्ज का होते ते ग्रंथ लिहून मांडले, त्याचे नाव कर्ज झाल्यावरच्या मलमपट्टीला द्यायचे आणि कारणाला हात लावायचा नाही, हे मंडईच्या नावासारखेच झाले.

म्हणून या बैठकीपासून एक काम करू. प्रत्येक गावातून निदान पाच घरांनी एका पिकाची वही घालावी. बेणे, खत, औषध, घरची आणि बाहेरची मजुरी, पाणीपट्टी, वीज, भाडे, हमाली आणि हाती आलेली पट्टी, सगळे तारखेनिशी. घरच्या बाईची खुरपणी फुकट धरायची नाही. पुढच्या बैठकीला या वह्या घेऊन या. हार आणला नाही तरी चालेल. वहीच्या पहिल्या पानावर आपले नाव लिहा आणि नावापुढे धंदा लिहा : शेतकरी. जोतीरावांनी १८८२ साली लिहिला होता, तसाच, न लाजता.